हवेचा आकडा

१

गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याचं डोकं फोडून झाल्यावर मारेकऱ्याने चाकपाना त्याच्या छातीवर आडवा टाकून दिला होता. घाव मी मोजले, सात होते. पहिल्या दोन घावांतच माणूस संपला असणार. उरलेले पाच रागाचे तरी होते किंवा भीतीचे तरी. दुकानामागच्या गोदामात ऑइल फिल्टरचे खोके रक्ताने भिजून फुगले होते आणि शिंतोडे थेट छतापर्यंत गेले होते.

मी तेव्हा फौजदार होतो. तापट म्हणून माझी ख्याती होती आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानच वाटायचा. आरोपी माझ्यासमोर बसला की त्याची पाचावर धारण बसायची. बाकीचे अधिकारी आठवडाभर कागद काळे करायचे, माझं काम एका रात्रीत व्हायचं.

दुकानाच्या गल्ल्यावर पार्टवाल्याचा मेहुणा बसायचा. त्यानेच दुपारी चारला प्रेत पाहिलं होतं.

"मी जेवायला घरी गेलो होतो साहेब. सव्वादोनला परत आलो. दाजी दुपारचे गोदामात पडतात, म्हणून उठवलं नाही. चारला चहा घेऊन गेलो तर..."

"येताना कोणी दिसलं?"

"मागच्या गल्लीतून एक जण निघाला. पाठमोरा होता. निळी डांगरी, पाठीवर पिवळी अक्षरं. 'ताईचं गॅरेज' म्हणतात ना, तिथली. आखूड होती साहेब ती, पोटऱ्या उघड्या..."

"तुला शिंपी म्हणून विचारतोय का मी?"

चाकपान्याच्या मुठीला पिवळा रंग होता. ताईच्या गॅरेजमधल्या प्रत्येक हत्याराला तसा रंग असतो, हे शहरातला कुठलाही मेकॅनिक सांगेल. भिंतीवर माझ्याच सहीची एक नोटीस चिकटवलेली होती: दोन महिन्यांपूर्वी सायकलवरून जाणाऱ्या एका नर्सला उडवून पळालेली पांढरी गाडी, डावा दिवा फुटलेला, माहिती असल्यास कळवावे. तिच्यावरही रक्ताचे दोन थेंब होते. मी तिच्याकडे दुर्लक्ष करून मेहुण्याला विचारलं, "ताईच्या गॅरेजमधल्या कोणाशी तुझ्या दाजीचं वाकडं होतं?"

"बोल्टशी," तो म्हणाला. "आज सकाळीच येऊन ओरडून गेला. म्हणाला, पुन्हा बनावट माल दिलास तर डोकं फोडीन."

मला एवढं पुरेसं होतं.

२

गॅरेज तिथून सात किलोमीटर. सगळं शहर जिला ताई म्हणायचं, तिनेच नवरा वारल्यावर ते चालवलं होतं. गाडीच्या पोटातलं दुखणं स्कॅनर लावून शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बोल्ट तिचा दीर. बुटका, रुंद, डोकं मानेत रुतलेलं, म्हणून बोल्ट.

आम्ही पोचलो तेव्हा ती एका पांढऱ्या गाडीच्या बोनेटमध्ये वाकलेली होती आणि बोल्ट मागच्या खोलीच्या दारात बनियनवर उभा होता. त्याची डांगरी बाहेरच्या खिळ्याला होती. मी ती उलटी करून पाहिली. छातीवर आणि बाह्यांवर रक्त अजून चिकट होतं.

"हे माझं नाही," बोल्ट म्हणाला.

मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो टायरच्या ढिगावर जाऊन आपटला.

ताई पान्यासकट धावली. "साहेब! आधी विचारा तरी त्याला!"

"चौकीत विचारतो. तुम्ही एक ते तीन कुठे होतात?"

"घरी, जेवायला. एक ते तीन शटर अर्धं असतं. बोल्ट मागं झोपतो. झोपला की त्याच्या कानाशी ढोल वाजवा, उठायचा नाही."

"पार्टवाल्याशी शेवटचं कधी बोललात?"

"साडेबाराला फोनवर. या गाडीचा हवेचा सेन्सर मिळेल का विचारलं. त्यानं चेसिस नंबर मागितला, तो दिला. नंबर ऐकून म्हणाला, या गाडीचा दिवा मीच दिलाय, डॉक्टर तिथंच असतील तर एकदा भेटायला सांगा. ते शेजारीच होते. फोन स्पीकरवर होता."

गाडीचा मालक काचेपलीकडच्या खुर्चीत बसला होता. दातांचा डॉक्टर. उंच, नीटनेटका, बोलणं लोण्यासारखं. बोल्टला फरफटत नेताना पाहून त्याने मान हलवली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "दुपारभर मी इथंच होतो हो. सेन्सर काढून ठेवलेला, गाडी उघडी पडलेली, जाणार कुठं? डोळ्यांसमोर होती गाडी, जागची हलली नाही. दोनच्या सुमाराला हा माणूस डांगरी चढवून स्कूटरवर गेला. परत आल्यावर हात धूत होता. मला काय माहीत!"

मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली. साक्षीदार, हत्यार, रक्त, भांडण, सगळं एका दुपारी हाताशी आलं होतं. फक्त कबुली राहिली होती.

३

कबुली मिळाली नाही.

मी काय केलं ते लपवत नाही. बोल्टला खुर्चीला बांधला. उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि दांडक्याने बोटांवर मारलं. एका प्रश्नाला एक. पहिल्या बोटाचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो किंचाळला आणि तेच बोलला जे आधी बोलला होता.

"क्रमानं सांग. साडेबारापासून."

"वहिनीनं सेन्सर काढला. पाइपाला भोक उघडं पडलं. मी त्यात लाल चिंधीचा बोळा कोंबला. डबा खाल्ला. झोपलो."

"मग?"

"वहिनीनं तीनला हाक मारली तेव्हा उठलो. ती मला ओरडली. म्हणाली, भोकात चौकटीची चिंधी का लावलीस. साहेब, मी लालच लावली होती."

"चिंधीचं कोण विचारतंय!"

दुसरं बोट.

"लाल होती, साहेब," तो रडत म्हणाला. "मी झोपलो होतो आणि चिंधी लाल होती. दोनच गोष्टी मला ठाऊक आहेत."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. खुनाच्या आरोपात अडकलेला माणूस आणि चिंधीचा रंग घेऊन बसलाय! तिसरं बोट मोडलं तेव्हा तो शुद्ध हरपून पुढे लवंडला. मी हवालदाराला सांगितलं, पाणी मार. उद्या दुपारी याला कोर्टात उभा करायचाय, त्याआधी डावा हात बाकी आहे.

सकाळी अकराला ताई चौकीत आली. कोपरापर्यंत काळे हात. तिने दिराला एकदा गजांतून पाहिलं. त्याचा हात फुगून लाल झाला होता. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती माझ्याकडे वळली.

"गॅरेजवर चला," ती म्हणाली. "आत्ता. त्याच्या डाव्या हाताला कोणी हात लावायच्या आधी."

"का?"

"त्या पांढऱ्या गाडीत काहीतरी अडकलंय. मी अजून बाहेर काढलेलं नाही. तुमच्यासमोर काढायचंय."

४

मी गेलो ते तिला तोंडावर पाडायला. गेल्यावर तिने मला बोनेटपाशी उभं केलं आणि स्कॅनर हातात दिला.

"हा सेन्सर म्हणजे इंजिनाच्या नाकातली तार. आत किती हवा गेली ते मोजतो. त्या आकड्यावर पेट्रोल सुटतं. आकडा चुकला की गाडी झटके खाते. एवढं कळलं?"

"पुढं बोला."

"काल बारा वाजता ही आली. इंजिन पळवल्यावर सेकंदाला अकरा ग्रॅम हवा दिसायला हवी, दिसत होती आठ. मी चालू गाडीत सेन्सरचा प्लग उपसला. प्लग काढला की गाडी सेन्सरला विचारायचं सोडते आणि अंदाजानं चालते. आणि मस्त चालली. म्हणजे सेन्सर खोटं बोलत होता. डॉक्टरांना मीच हे दाखवलं. त्यांना भारी गंमत वाटली. म्हणाले, म्हणजे सेन्सरशिवायही गाडी रस्त्यावर जाईल? म्हटलं, भोक बुजवलं तर जाईल की."

मी स्कॅनरकडे पाहत होतो. आकडे बारीक थरथरत होते.

"तारेवर फिल्टरचं तेल बसलं होतं. सेन्सर काढून स्प्रेनं धुतला, वाळत ठेवला. भोकात बोल्टनं बोळा लावला. तीननंतर मी सेन्सर परत बसवला. आकडा सुधारायचं राहिलं, पाचवर आला!"

"धुताना बिघडला असेल."

"मलाही तेच वाटलं. आज सकाळी दुसऱ्या दुकानातून नवा आणला. तोही पाच."

"म्हणजे नवाही भिकार."

"असंच करतात सगळे," ती म्हणाली. "आकडा पटला नाही की सेन्सर बदलायचा. मी पुन्हा प्लग उपसून पाहिला. काल प्लग काढल्यावर गाडी सुधारली होती. आज प्लग काढूनही तशीच गुदमरते. साहेब, दोन्ही सेन्सर खरं बोलत होते. हवाच कमी जातेय."

तिने दोन पट्ट्या सैल केल्या आणि जाड रबरी पाइप उपटून बाजूला केला. इंजिनाच्या बाजूचं काळं तोंड दिसलं. त्यात लांब चिमटा घालून तिने हळूच ओढलं.

तेलाने माखलेली, पिळवटलेली चिंधी बाहेर आली. तिने ती माझ्या डोळ्यांसमोर उलगडली.

चिंधी लाल होती.

दोन गोष्टी मला ठाऊक आहेत, असं तो म्हणाला होता.

५

"आमच्याकडे एक नियम आहे," ताई म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या हातून एकदा विसरलेली चिंधी ओढली जाऊन इंजिन बसलं होतं. तेव्हापासून इंजिनाच्या उघड्या तोंडाला फक्त लाल चिंधी. चौकटीची हात पुसायला. लाल दिसली की किल्लीला हात लावायचा नाही. बोल्ट झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"मग ही आत गेली कशी?"

"इंजिन चालू झाल्याशिवाय जात नाही. चालत्या इंजिनानंच ओढली. ज्यानं गाडी नेली त्याला ती परत आणल्यावर भोक रिकामं दिसलं, म्हणून चिंध्यांच्या ड्रममधली हाताला लागली ती चिंधी कोंबली. चौकटीची. त्याला नियम माहीत नव्हता. आणि हे बघा."

तिने स्कॅनरवर दुसरं पान उघडलं. "प्लग काढला की इशाऱ्याचा दिवा लागतो. दिवा लागल्यापासून गाडी किती पळाली ते ही स्वतःच टिपते. मी ती नोंद पुसलेली नाही. काल बारापासून आजवर ती माझ्या हिशेबानं इथून एक फूटसुद्धा हललेली नाही."

पडद्यावर चौदा किलोमीटर दिसत होते. पार्टवाल्याच्या दुकानाला जाऊन यायला बरोबर चौदा लागतात.

माझी सवय सुटली नव्हती. मी शेवटचा हात मारून पाहिला. "बोल्टनंच नेली असेल."

"स्वतःची स्कूटर सोडून? सेन्सर काढलेली गाडी? बरं, नेली समजा. मग तुमचा तो कागद वाचा. डॉक्टर काय म्हणाले?"

कागद खिशातच होता. डोळ्यांसमोर होती गाडी, जागची हलली नाही.

"एक तास गाडी इथं नव्हती," ती म्हणाली. "खुर्चीत बसलेल्याला ते दिसलंच असतं. कोणी का नेईना! जो म्हणतो गाडी हलली नाही, तो एकतर खुर्चीत नव्हता..."

"किंवा गाडीतच होता," मी म्हणालो.

मग सगळं भराभर अंगावर आलं. बुटक्या बोल्टची डांगरी उंच माणसाच्या पोटरीपर्यंतच येणार. मेहुणा तेच सांगत होता आणि मी त्याला शिंपी म्हणालो. पार्टवाल्याने दिलेला दिवा. दोन महिन्यांपूर्वीची नर्स, जिची सायकल मी स्वतः रस्त्यावरून उचलली होती. पार्टवाल्याच्या भिंतीवर माझीच नोटीस होती. चेसिस नंबर ऐकून आपण दिवा कोणाला विकला ते त्याला आठवलं आणि डोक्यात प्रकाश पडला. चौकीत येण्याआधी त्याने डॉक्टरला बोलण्याची एक संधी दिली, तीही स्पीकरवर, आणि ती त्याच्याच जिवावर बेतली.

"दिवा कुठला होता, डावा?" मी विचारलं.

ताई उत्तर देणार तोच तिची नजर फाटकाकडे गेली. "गाडी न्यायला एकला येतो म्हणाले होते," ती पुटपुटली. तिचे हात बोनेटमध्ये गेले. काहीतरी कोंबलं, पाइप बसवला, बोनेट आपटलं.

"झाली का गाडी?" डॉक्टर हसत आत आला.

मी कागद वर धरला. "डॉक्टर, डावा दिवा कधी बदललात?"

हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र बदलले. पुढचं इतक्या झटक्यात झालं की माझा हात कमरेपर्यंतही गेला नाही. त्याने बाकावरची जॅकची दांडी उचलून फिरवली. ताईच्या खांद्यावर ती बसली तसा हाड मोडल्याचा आवाज आला आणि ती कोसळली. दुसरा फटका माझ्या कपाळावर आला. रक्ताने डोळे भरले. मी भिंतीला टेकलो, आणि समोर, अगदी अंगाशी, त्या पांढऱ्या गाडीचं नाक होतं. नवा कोरा डावा दिवा माझ्या मांडीला लागत होता.

डॉक्टर गाडीत शिरला. किल्ली आतच होती. मी डोळ्यांतलं रक्त पुसलं तसा त्याचा चेहरा काचेतून स्पष्ट दिसला. नर्सला शेवटचा हाच दिसला असेल, असं मनात आलं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि विझलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तो स्टिअरिंगवर मुठी आपटू लागला.

"नाही चालायची," जमिनीवरून ताई दातओठ खात म्हणाली. "लाल चिंधी तोंडात आहे तिच्या."

मी काच फोडून त्याला तिथूनच बाहेर ओढला. काचेने त्याचा गाल फाटला. मी त्याला मारत सुटलो. नाक, बरगड्या, जे सापडेल ते. "मी थांबलो असतो तरी ती वाचली नसती," तो रक्त थुंकत बरळत होता. "पार्टवाल्याला म्हटलं गप्प बस, विनवणी केली त्याची, ऐकेना!" मी त्याचा उजवा हात फरशीवर दाबला आणि दांडी उचलली.

"साहेब."

ताई उठून बसली होती. एक हात लुळा लोंबत होता.

"बोलतोय ना तो? मग ऐका की. काल बोल्टही बोलत होता."

दांडी माझ्या हातातून खाली पडली.

"मी तरी कुठं ऐकलं," ती म्हणाली, आणि आता ती रडायला लागली. "म्हणत होता बिचारा, वहिनी, लालच लावली होती. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस."

६

डॉक्टरच्या गाडीत बोनेट उघडायच्या खटक्याखाली पार्टवाल्याचं रक्त मिळालं. त्याला जन्मठेप झाली. बोल्टच्या बोटांबद्दल मी स्वतः लिहून दिलं. वर्षभर घरी बसलो, हुद्दा गेला, तो परत मिळाला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दोन वर्षांनी माझी जुनी गाडी झटके खाऊ लागली. शहरात दहा गॅरेजं होती. तीन दिवस मी गाडी दुसरीकडे न्यायचं ठरवत होतो, आणि चौथ्या दिवशी ताईच्या फाटकात जाऊन उभा राहिलो.

ताई घरी होती. बोल्ट एकटाच होता. त्याने मला पाहिलं, ओळखलं, आणि डाव्या हाताने स्कॅनर जोडला. उजव्या हाताची तीन बोटं सरळच राहिली होती, वळत नव्हती. त्या हाताने तो फक्त वस्तू टेकवायचा.

"माझं चुकलं," मी म्हणालो. एवढे दोन शब्द मी दोन वर्षं घोकले होते.

तो आकडे पाहत होता. "कधीपासून झटके खाते?"

"आठवडा झाला."

"थंड असताना की गरम झाल्यावर?"

मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग सेन्सर काढला आणि खिशातून लाल चिंधी ओढली. तिचा बोळा करायला त्याला दोन्ही हात लागत होते, आणि एका हाताने त्याने बोनेट पेललं होतं.

"साहेब, जरा धरा हे."

मी धरलं. त्याने डाव्या हाताने चिंधी गुंडाळली, उजव्या तळव्याने दाबली, भोकात बसवली. मग सेन्सर धुतला, वाळवला, परत लावला. पाऊण तास लागला असेल. बोनेटला टेकवायची दांडी बाजूलाच होती, ती लावली असती तर माझे हात मोकळे झाले असते. मी ती लावली नाही, आणि त्यानेही लावा म्हटलं नाही.